लाव्ही क्रमांक ३७ हिच्या मृत्यूची तारीख

दिनांक : ९ मे २०२५

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी साहेब,
जपानी लाव्ही पैदास व निरीक्षण प्रकल्प,
शहादा, जि. नंदुरबार

अर्जदार : दोधू उखा पाटील, वय ५६, धंदा शेती, रा. कळसाडी, ता. शहादा
(मयत पक्षीपालक कु. स्वप्नाली दोधू पाटील हिचे वडील)

विषय : नोंदवहीत जिवंत व अंड्यावर दाखविलेली लाव्ही क्र. ३७ ही हयात नसल्याबाबत, आणि तिच्या मृत्यूची तारीख ठरवून मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपले अभिनंदनाचे पत्र, मला मिळाले दि. २२ एप्रिल २०२५ रोजी.
२) कळसाडी केंद्राची पक्षीनिहाय अंडी व वजन नोंदवही.

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून सविनय अर्ज सादर करतो की, आपल्या पत्रान्वये आमच्या केंद्रातील लाव्ही क्र. ३७ हिने दि. २५ ऑगस्ट २०२४ ते ३१ मार्च २०२५ या २१९ दिवसांत २१४ अंडी दिली, वजनही १८० ग्रॅमच्या खाली येऊ दिले नाही, सबब ती प्रकल्पात पहिली आली, असे मला कळविण्यात आले. दि. १५ मे रोजी जीप पाठवून ही मादी पैदाशीसाठी ताब्यात घेण्यात येईल, असेही त्यात आहे. याबाबत नम्रपणे कळवितो की, ही लाव्ही माझ्याकडे नाही. गेल्या २८ सप्टेंबरपासून नाही. २१४ पैकी तीस अंडी तिची आहेत. उरलेली एकशे चौऱ्याऐंशी माझी आहेत, म्हणजे मी नोंदवहीत घातलेली आहेत. हे वाचून आपणांस राग येईल. तो रास्त आहे, पण राग आला तरी अर्ज शेवटपर्यंत वाचावा, कारण मागणी शेवटी आहे.

२. ही लाव्हीपालनाची हौस माझी नव्हती. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कापूस, ऊस आणि दोन म्हशी. लाव्ही म्हणजे बटेर, हा पक्षी आम्ही बांधावर उडताना पाहिलेला, दाणा घालून पाळण्याचा नव्हे. माझी मुलगी स्वप्नाली पशुसंवर्धनाची पदविका घेऊन आली आणि आपल्या प्रकल्पात तिने स्वतःच्या नावाने केंद्र घेतले. म्हशींच्या गोठ्याचा अर्धा भाग तिने पत्रा टाकून वेगळा केला, साठ कप्प्यांचा जाळीचा पिंजरा बसविला, साठ माद्यांच्या पायांत नंबरच्या रिंगा घातल्या. मी तिला चिडवायचो की, पाटलाच्या पोरीने पसाभर पाखरांसाठी एवढे मोठे रजिस्टर ठेवले, मी वीस एकरांचे ठेवले नाही. ती हसायची आणि लिहीत राहायची. कोणत्या मादीने आज अंडे दिले, कोणती किती भरली, हे ती मला जेवताना सांगायची, आणि मी ऐकत नसलो तरी सांगायची.

३. आपण या क्षेत्रातील जाणकार आहात, तरी अर्ज पुरा व्हावा म्हणून लिहितो. प्रत्येक लाव्हीच्या अंड्यावरचे डाग वेगळे असतात आणि एक मादी जन्मभर तिच्याच धाटणीचे डाग घालते. माझी पत्नी कौसाबाई हिला लिहिता-वाचता येत नाही, पण मुलीने तिला ही अंडी वाचायला शिकविली होती. ट्रेमधले अंडे उचलून कौसाबाई नुसती पाहायची आणि नंबर सांगायची, आणि तिचा नंबर चुकल्याचे मला आठवत नाही. ३७ चे अंडे फिकट, जवळजवळ कोरे, आणि बुडाशी मिसरीचे बोट टेकवल्यासारखा एकच गडद डाग. ते मलासुद्धा ओळखू येत असे. स्वप्नालीचा जीव याच मादीवर होता, कारण अंगाने बेताची असून ती खाडा करीत नव्हती. वजनावर भाळू नये, देणारी पाहावी, असे मुलीचे म्हणणे होते.

४. दि. २० सप्टेंबर २०२४ रोजी स्वप्नालीला मूत्रपिंडाच्या आजाराने सुरतच्या दवाखान्यात दाखल करावे लागले. तिच्याजवळ कौसाबाई राहिली. मी पाखरांसाठी आणि कापसासाठी घरी राहिलो. जाताना गाडीत बसल्यावर तिने मला सांगितले होते, "आबा, वजन सकायले करजो, बरं. दाणा टाकाना पहिले." मी हो म्हटले. दि. २८ रोजी पाखरांना बारा आठवडे पुरे झाले. आपल्या सूचनापत्रकाप्रमाणे त्या दिवशी वजन करून १७५ ग्रॅमच्या आत भरणारी मादी कमी करावयाची होती. ते वजन मी संध्याकाळी केले.

५. का केले, हे प्रामाणिकपणे लिहितो. एक तर सकाळी वेचणीच्या बाया शेतात पोचवायच्या होत्या. पण तेवढेच कारण नव्हते. आम्ही कापूसवाले लोक. सकाळचा कापूस दवाने भिजलेला असतो आणि जास्त भरतो, म्हणून सकाळचे वजन हे खोटे वजन, अशी आमची लहानपणापासूनची समजूत. सचोटीचा माणूस ऊन लागून माल सुकल्यावर काटा लावतो. मुलीचे शिक्षण कितीही असो, काट्यापुढे मी तिच्यापेक्षा जास्त उभा राहिलो आहे, असा मला ताठा होता. म्हणून अंडी गोळा करून झाल्यावर, संध्याकाळचा दाणा देण्यापूर्वी, मी एकेक पाखरू तिच्या शाळेच्या पांढऱ्या मोज्यात घातले (पंजा कापून तिने तो यासाठीच ठेवला होता, त्यात पाखरू गप्प राहते), काट्यावर ठेवले, मोज्याचे वजन वजा केले आणि खरेखुरे, कोरडे, सचोटीचे वजन लिहिले.

६. लाव्ही अंडे देते ते दुपार कलल्यावर. अंडे भरते दहा-अकरा ग्रॅम. म्हणजे जिने त्या दिवशी अंडे दिले, ती माझ्या काट्यावर तेवढ्याने हलकी भरली. आणि जी नुसती खाऊन बसली, ती पुरेपूर भरली. मी एकोणीस माद्या कमी केल्या. त्या एकोणीसही देणाऱ्या होत्या. क्र. ३७ सकाळी १८२ भरायची, ती माझ्या काट्यावर १७१ भरली. मी तिची रिंग काढली, तिला बाकीच्यांबरोबर पाटीत ठेवले, वर फडके बांधले आणि रस्त्यावरच्या धाब्याचा माणूस आला त्याच्या हवाली केले. इतका वेळ ती माझ्या हातात शांत बसली होती. अंडे देऊन मोकळी झालेली मादी अशीच निवांत बसते, हे मला नंतर कळले.

७. अर्ध्या तासाने सुरतहून फोन आला. कौसाबाईने तो मुलीच्या कानाशी धरला होता. ती बारीक आवाजात म्हणाली, "सदतीसनी आज दिन्हं का, आबा?" मी म्हणालो, "दिन्हं ना, माय." हे खरेच होते. त्या दिवसापुरते खरे होते. फोन ठेवल्यावर मला अकरा ग्रॅमचा हिशोब लागला. मी मोटारसायकल घेऊन धाब्यावर गेलो. तिथे पाटी धुऊन पालथी घातलेली होती.

८. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा तेच विचारले. मी पुन्हा दिन्हं म्हणालो, आणि बोलण्यात मागेपुढे होऊ नये म्हणून नोंदवहीत ३७ समोर १ लिहिला, आदल्या दिवशीचे १७१ खोडून १८२ केले. असे रोज. तिला भूक नव्हती, बोलवत नव्हते, दोन दिवसांआड मशीनवर न्यायचे, आणि संध्याकाळ झाली की ती एवढेच विचारायची. दि. ९ ऑक्टोबर रोजी पावणेसहाला फोन आला तेव्हा तिने जरा जास्त विचारले. "वजन किती भरनं तिनं?" मी एकशे ब्याऐंशी म्हटले. "सकायनं ना?" मी म्हटले, "सकायनंच." ती "बरं" म्हणाली. सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी ती गेली. मी तेव्हा कळसाडीत पिंजऱ्यासमोर उभा होतो.

९. तिला माझे खोटे कळले होते की नव्हते, याचा मी आजपर्यंत निकाल लावू शकलेलो नाही. ती हुशार होती. एकेचाळीस पाखरांत प्रत्यक्षात दिवसाला बारा-चौदाच अंडी मिळत, तो आकडाही मी तिला वाढवूनच सांगत होतो. कळले असेल तर तिने मला पदरात घेतले. कळले नसेल तर मी तिला फसवून पाठविले. दोन्हींपैकी काहीही धरले तरी माझी सुटका नाही.

१०. त्यानंतर नोंद थांबवायला हवी होती. थांबविली नाही. ० लिहायला पेन उचलले की हात जड व्हायचा, आणि १ लिहिला की तेवढा एक दिवस निघून जायचा. मी वजनही लिहीत गेलो. थंडीत पाखरू थोडे अंग धरते म्हणून डिसेंबरात दोन ग्रॅम वाढविले, फेब्रुवारीत एक कमी केला. रिकाम्या कप्प्यात तिच्या वाट्याचा दाणा टाकीत गेलो आणि सकाळी जसाच्या तसा काढीत गेलो. सही 'स्वप्नालीकरिता' अशी करीत गेलो. वजन वाढले की अंडी घटतात, आणि या मादीने दोन्ही टिकवून धरले म्हणून ती अभ्यासण्याजोगी आहे, असे आपण पत्रात लिहिले आहे. साहेब, जिवंत लाव्हीला ते जमत नाही. ज्या लाव्हीला खावे लागत नाही तिला जमते.

११. प्रकल्पाचे पर्यवेक्षक महिन्याला एकदा येत. त्यांना शेडचा वास सोसत नसल्याने ते ओट्यावर चहा घेऊन नोंदवहीवर सही करीत. याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांच्या नाकाने मला वाचविले. मात्र जानेवारीत ते एकदा रुमाल लावून दारापर्यंत आले आणि सदतीस कोणती, असे त्यांनी विचारले. मी घाबरून रिकाम्या कप्प्याकडे बोट केले आणि कोपऱ्यात बसली आहे म्हणालो. त्यांनी वाकून पाहिले आणि म्हणाले, हो, दिसली, चांगली गुटगुटीत आहे. ते गेल्यावर मी बऱ्याच महिन्यांनी हसलो होतो. आता ते आठवले की हसू येत नाही. त्यांना काय दिसले, हे त्यांच्याकडून लेखी घ्यावे, ही विनंती.

१२. आता जे लिहितो आहे, ते कोणत्या रकान्यात बसेल मला माहीत नाही. आपले अभिनंदनाचे पत्र २२ एप्रिलला आले. दि. २३ रोजी सायंकाळी मी शेडमध्ये गेलो तेव्हा ३७ च्या कप्प्यापुढच्या पन्हळीत एक अंडे होते. फिकट, आणि बुडाशी एकच गडद डाग. काट्यावर ११ ग्रॅम भरले. सात महिने मी एकटा म्हणत होतो तेव्हा काही झाले नाही. आपल्या कार्यालयाने शिक्का मारून मान्य केले आणि दुसऱ्या दिवसापासून ती अंड्यावर आली.

१३. मी अडाणी नाही. शेजारच्या कप्प्यातून अंडे घरंगळले असेल म्हणून दोन्ही बाजूंना फळ्या ठोकल्या. कुणी खोडी काढत असेल म्हणून शेडला कुलूप लावून किल्ली कमरेला ठेवली. कप्प्यात ज्वारीचे पीठ भुरभुरले. पिठावर पाऊल उमटले नाही, फक्त एके ठिकाणी ते बसल्यासारखे दबलेले होते. पुढच्या पिढीतली तिचीच एखादी लेक तसे डाग घालीत असेल म्हणाल, तर तिची पिल्ले काढण्यापूर्वीच मी तिला पाटीत घातले. त्या कप्प्यातला दाणा आता सकाळी थोडा कमी भरतो. रोज पाच वाजता मी नोंदवहीत १ लिहितो आणि सहा वाजता अंडे असते. दि. २ मे रोजी परीक्षा पाहावी म्हणून मी ० लिहिला. त्या दिवशी अंडे नव्हते. म्हणजे आजपर्यंत पंधरा झाली. ती ट्रेमध्ये जपून ठेवली आहेत, आपण येऊन पाहू शकता. मला भीती वाटते, हे अर्जात लिहिण्याची पद्धत नाही, पण वाटते. पाच वाजता हातात पेन घेताना सगळ्यात जास्त वाटते.

१४. मुलगी गेल्यापासून कौसाबाई शेडकडे फिरकली नव्हती. केस विंचरीत नव्हती, कुणाच्या दारी जात नव्हती, ताटावर बसून उठायची. पहिले अंडे मी काही न बोलता तिच्यापुढे ठेवले. तिने ते दिव्याकडे धरून पाहिले आणि म्हणाली, "हाई तिनंच शे." त्या रात्री ती दोन भाकरी जेवली. आता रोज सहा वाजता तीच अंडे काढायला जाते, जाताना पदर नीट करून जाते. मी ० लिहिला त्या दिवशी ती रिकाम्या कप्प्यापुढे बसून राहिली आणि "आज काबर नही?" एवढेच सारखे विचारीत होती. माझ्या पेनमुळे, हे मी तिला कसे सांगणार होतो? दुसऱ्या दिवशी मी मुकाट्याने १ लिहिला.

१५. जीप आल्यावर भांडे फुटणारच, तेव्हा परक्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावे म्हणून काल मी तिला सर्व सांगितले. संध्याकाळचा काटा, पाटी, धाबा, फोनवरचे सगळे. झाकली मूठ सात महिन्यांनी उघडली. ती रडेल, मला बोलेल, निदान उठून जाईल, असे वाटले होते. तिने माझे बोलणे संपू दिले, ट्रेमधले अंडे हातात घेतले आणि विचारले, "मंग हाई कोन घाली ऱ्हायनं?" आपल्या प्रकल्पात तज्ज्ञ आहेत, त्यांच्याकडे उत्तर असल्यास कळवावे. तिने मात्र उत्तराची वाट पाहिली नाही, चुलीशी निघून गेली. आज तिने पाच वाजायच्या आधीच नोंदवही माझ्यापुढे आणून ठेवली आहे. ती तशीच मिटलेली आहे आणि तिच्याशेजारी हा अर्ज लिहितो आहे.

१६. सबब माझी विनंती खालीलप्रमाणे. पहिला नंबर काढून घ्यावा व तो खऱ्या पाखराला द्यावा. केंद्र बंद करावयाचे असल्यास करावे. खोट्या नोंदीबद्दल जी कारवाई व्हायची ती माझ्यावर व्हावी. मयत मुलीच्या नावावर ठपका येऊ नये, कारण तिने लिहिलेल्या पानांत खाडाखोडसुद्धा नाही. मृत्यूचे कारण या रकान्यात माझे नाव लिहिले तरी माझी हरकत नाही.

१७. फक्त तारखेबाबत अर्ज आहे. नोंदवही दुरुस्त करताना २८ सप्टेंबर ही तारीख लिहू नये. लाव्ही क्र. ३७ ही दि. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटांनंतर मरण पावली, असे लिहावे. माझ्या १८४ अंड्यांपैकी १७३ खोडून टाकावीत. २९ सप्टेंबर ते ९ ऑक्टोबर या अकरा दिवसांची अकरा तेवढी ठेवावीत. खोटेपणा कबूल करण्याच्या अर्जातच आणखी खोटे मागणारा अर्जदार आपण पाहिला नसेल, हे मी जाणतो. अकरा अंड्यांनी आपल्या अभ्यासात फरक पडणार नाही. पाहिजे तर सरासरी काढताना ती सोडून द्यावीत, पण वहीत राहू द्यावीत. त्या अकरा संध्याकाळी माझी मुलगी विचारत होती, तेव्हा तिची लाव्ही जिवंत होती. मी एकट्याने म्हटल्याने ते भागलेले नाही, साहेब. सरकारी वहीत शिक्क्यानिशी असले, तर स्वप्नालीलाही ते खरे धरावे लागेल.

कळावे, आपल्या निर्णयाची वाट पाहणारा,

(सही)
दोधू उखा पाटील
मु. पो. कळसाडी, ता. शहादा, जि. नंदुरबार